पेव कोणाचे, किल्ली कोणाची?



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली, तेव्हा आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. पाणी ओसरल्यावर नगर वाचनालयाची हजारो पुस्तके चिखलाच्या लगद्यासारखी बाहेर काढावी लागली, हे आपणापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. त्याच दिवसांत आम्ही आमच्या युनियनच्या कचेरीतले लोखंडी कपाट उघडले. सभासदांची नोंदवही, हजेरीचे उतारे, मजुरीच्या पावत्या, जुने करारनामे, सारे एकमेकांना चिकटून त्याची एकच वीट झाली होती. हमालाला भिंत पडल्याचे दुःख होते, पण त्याहून अधिक दुःख आपण अमुक वर्षी अमुक ठिकाणी राबलो याचा पुरावा गेल्याचे होते. पुरावा नाही तर ग्रॅच्युइटी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि न्यायालयात उभे राहायला जागा नाही.

तेव्हा आमच्यातली तरुण मुले म्हणाली, "आता सगळे कागद क्लाउडवर ठेवा. तिथे पूर येत नाही." आम्ही ते ऐकले. त्यातून आम्हांस जो लाभ झाला, जी अद्दल घडली आणि त्या निमित्ताने जे शिकावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आम्ही या विषयाचे पंडित नव्हे. पण कोठार, कुलूप, भाडे आणि पावती या चार गोष्टी पेठेत आयुष्य घालविलेल्या माणसाला कळतात, आणि हा सारा विषय या चार गोष्टींचाच आहे.

क्लाउड म्हणजे ढग. हे नाव ज्याने दिले त्याने मोठी गंमत केली आहे, कारण त्या वस्तूइतकी जमिनीला चिकटलेली वस्तू दुसरी नाही. कुठल्यातरी शहरात एक प्रचंड इमारत असते. तीत यंत्रांच्या फडताळांच्या रांगा असतात, त्यांना अहोरात्र वीज लागते, आणि ती तापू नयेत म्हणून थंडावा पुरवावा लागतो. आपण मोबाइलवरून फोटो 'वर' पाठवतो, तेव्हा तो त्या इमारतीतल्या तबकड्यांवर लिहिला जातो. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेला आपला माल. हे ढग नव्हे. हे पेव आहे.

पेव म्हणजे काय हे या भागात सांगावयास नको. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे, आणि माल भरल्यावर तोंड बंद. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून गेल्याखेरीज कोणी शहाणा माणूस खाली उतरत नाही. शेतकऱ्याची वा व्यापाऱ्याची हळद दुसऱ्याच्या पेवात राही. मालकाजवळ भाड्याचा हिशेब असे आणि माल ठेवणाऱ्याजवळ विश्वास. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरले, तेव्हा तो विश्वासही भिजला.

परंतु पेवाचा एक गुण ढगात नाही. पेव उघडायचे तर माणसे लागतात, दोर लागतो, दिवसाढवळ्या माती उकरावी लागते. साऱ्या गावाला कळते. ढगातले कोठार उघडून कोणी आपला कागद पाहिला, त्याची नक्कल केली आणि पुन्हा झाकण लावले, तर आपल्याला चाहूलसुद्धा लागत नाही. आपला माल जागच्या जागी दिसतो. हळद चोरली तर वजन घटते. माहिती चोरली तर वजन तेवढेच राहते. म्हणून येथे कुलपाचा प्रश्न पेवापेक्षा शंभरपट महत्त्वाचा आहे.

आता हे कुलूप कसले ते पाहू. त्यास एन्क्रिप्शन म्हणतात. मराठीत कूटबद्ध करणे म्हणू. मजकुराच्या अक्षरांची गणिताच्या रीतीने अशी उलथापालथ करावयाची की ठराविक किल्लीवाचून ती पुन्हा जुळू नयेत. ही किल्ली म्हणजे एक भली मोठी संख्या असते. पुष्कळांना वाटते की कूटलिपी म्हणजे मोडीसारखे काहीतरी. साताऱ्या-सांगलीच्या जुन्या वाड्यांत मोडी कागदांची रुमाले आहेत आणि घरात कोणालाच ती वाचता येत नाहीत. पण ते कुलूप नव्हे. मोडी शिकलेला कोणीही ती घडाघडा वाचील. ज्याची सुरक्षितता केवळ लोकांच्या अज्ञानावर उभी आहे, ते कुलूप म्हणून कुचकामाचे. केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थाने १८८३ मध्येच हे तत्त्व सांगून ठेवले आहे: कुलपाची सारी रचना शत्रूला ठाऊक असली तरी चालेल, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आज जगभर वापरात असलेली एईएस ही पद्धत दोघा बेल्जियन तज्ज्ञांनी बसविली. २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण मानली. तिची रचना पुस्तकात छापलेली आहे, कोणीही वाचावी. तरी किल्लीवाचून ती उघडण्याची व्यवहार्य युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की प्रत्येक कंपनी जाहिरातीत म्हणते, "आमच्याकडे तुमचा मजकूर कूटबद्ध आहे," आणि ते बहुधा खरेही असते. पण कुलपे तीन प्रकारची आहेत. पहिले वाटेवरचे: माल आपल्या घरून कोठारापर्यंत जाताना गाडीला लावलेले. दुसरे कोठाराच्या दाराचे: रात्री चोर शिरू नये म्हणून, पण त्याची किल्ली कोठारवाल्याच्या कमरेला. तिसरे आपल्या स्वतःच्या ट्रंकेचे: घरीच कुलूप घालून ट्रंक कोठारात ठेवायची आणि किल्ली आपल्या करगोट्याला. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह अशा नेहमीच्या कोठारांत सामान्य ग्राहकाला पहिली दोन कुलपे मिळतात. तिसरे कुलूप मेगा, प्रोटॉन, ट्रेसोरिट यांसारख्या कंपन्या देतात. अॅपलने तशी सोय डिसेंबर २०२२ मध्ये काढली, पण ती ग्राहकाने आपण होऊन चालू करावी लागते. कूटबद्ध आहे का, एवढे विचारून भागत नाही. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले पाहिजे.

यावर एक उत्तर हमखास येते. "आम्ही काय चोऱ्या केल्या आहेत? आमचे लपवण्यासारखे काय आहे?" हे बोलणाऱ्यांना आम्ही याच मातीतली आठवण देतो. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्या काळी साताऱ्यातच होता. १९४३ ते १९४६ या काळात येथे प्रतिसरकार चालले आणि क्रांतिसिंह नाना पाटील इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. भाकरी कोणी दिली, रात्री दार कोणी उघडले, निरोप कोणी नेला, ही नावे गावोगाव ठाऊक होती आणि गावांनी ती ओठांबाहेर काढली नाहीत. त्या माणसांनी चोऱ्या केल्या नव्हत्या. पण नावांची यादी चुकीच्या हाती पडली असती, तर घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली असती. दुबळ्याच्या हातात जी थोडी शस्त्रे असतात, त्यांतले एक म्हणजे आपले नाव केव्हा उघड करायचे हे ठरविण्याचा अधिकार.

आमच्यावर हा प्रसंग २०२० साली आला. साताऱ्याकडील एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांची नोंदणी चालू होती. ४३ जणांनी सह्या केल्या. ती यादी आम्ही अशाच एका फुकटच्या कोठारात ठेवली होती, आणि आमच्याच एका कार्यकर्त्याने सोयीसाठी 'दुवा ज्याच्याकडे असेल तो पाहू शकेल' अशी परवानगी देऊन तो दुवा मोबाइलच्या एका गटात टाकला. गटातून गटात जाता जाता तो दुवा ठेकेदारापर्यंत गेला. पुढल्या सोमवारी नऊ जणांना दारावरच अडविले. कारण विचारता 'काम कमी आहे' एवढेच उत्तर मिळाले. येथे आम्ही कोठारवाल्याला दोष देत नाही. त्याचे कुलूप शाबूत होते. दार आम्हीच सताड उघडे ठेवले. पण त्या नऊ घरांत त्या महिन्यात चूल कशी पेटली ते आम्ही पाहिले आहे, आणि तेव्हापासून 'लपवण्यासारखे काय आहे' हा प्रश्न आम्ही कोणाला हसत विचारू देत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली कर्तव्ये कंपन्यांवर टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली, देशाची सुरक्षितता वा गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सरकार मजकूर उलगडून मागू शकते, आणि साहाय्य न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्याकडे किल्ली आहे त्या कोठारवाल्याला अशा वेळी दार उघडावेच लागते. ज्याच्याकडे किल्लीच नाही, तो फार तर बंद ट्रंक हवाली करतो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. लहान मुलांवर अत्याचार करणारे नराधमही याच ट्रंकेत आपले पाप लपवितात. परंतु उघड्या ट्रंकेची तपासणीही चुकते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका बापाने आपल्या आजारी बाळाचा फोटो डॉक्टरांना दाखविण्यासाठी काढला. कंपनीच्या यंत्राने तो अश्लील ठरविला आणि त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी त्यास निर्दोष ठरविले तरी खाते परत मिळाले नाही. पत्रे, फोटो, संपर्क, सारे गेले. तिकडे ब्रिटनमध्ये सरकारने बंद ट्रंकेत डोकावण्याची वाट मागितल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅपलने तेथील नव्या ग्राहकांना ते तिसरे कुलूप देणेच थांबविले. आज मिळणारे कुलूप उद्याही मिळेल याची हमी नाही.

तिसऱ्या कुलपावरही आंधळा विश्वास टाकू नये. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या रचनेतली वैगुण्ये दाखविली, आणि २०२४ मध्ये अशी पाच कोठारे तपासली तेव्हा चारांत गंभीर दोष सापडले. पुष्कळ दोष पुढे दुरुस्त होतात; पण 'आम्हांलाही दिसत नाही' हे वाक्य जाहिरातीत लिहिणे सोपे आणि यंत्रात उतरविणे कठीण, एवढे त्यावरून ध्यानात येते. शिवाय ट्रंक बंद असली तरी ती कोणाची, किती जड, केव्हा आणली, कोणाला दिली, हे कोठारवाल्याला बहुधा दिसतेच. पोस्टमन पाकीट फोडीत नाही, पण कोणाची पत्रे कोणाला येतात हे त्याला पाठ असते.

आता पैशांकडे वळू. गेल्या वीस वर्षांत अशा कोठारांचे अक्षरशः पेव फुटले. प्रत्येकाने आरंभी फुकट जागा दिली. गुगलने २०१५ मध्ये फोटोंसाठी अमर्याद फुकट जागा जाहीर केली आणि लोकांनी बारशापासून तेराव्यापर्यंतचे फोटो त्यात ओतले. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ गीगाबाइटांच्या मापात मोजले जाऊ लागले. १५ गीगाबाइट म्हणजे मोबाइलचे साधारण चार-पाच हजार फोटो. त्यातच टपालही धरलेले. ते भरले की पत्रे येणे थांबते, आणि मग माणूस निमूटपणे भाडे भरतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या अखेरीस अमर्याद जागेचे आश्वासन मागे घेतले आणि फुकटची जागा १५ वरून ५ वर आणण्याचे जाहीर केले. अॅमेझॉनने तर आपले ड्राइव्ह हे कोठार ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंदच केले.

आमच्या पेठेत हा धंदा जुना आहे. अडत्या पहिल्या वर्षी शेतकऱ्याला बिनव्याजी उचल देतो. पुढे माल त्याच्याच दुकानी येतो आणि दर तोच ठरवितो. येथे उचल रुपयांची नसून जागेची आहे, एवढाच फरक. एकदा माल आत गेला की बाहेर काढणे किती अवघड, त्याचा हिशेब करून पाहा. समजा १०० गीगाबाइट कागद व फोटो आहेत, आणि मोबाइलवर दिवसाला दीड गीगाबाइट मिळते. दुसरे काहीही न करता सारा माल घरी आणायला ६७ दिवस लागतील. भाडे वाढले तरी ग्राहक हलत नाही, त्याचे कारण प्रेम नव्हे, हे ६७ दिवस आहेत.

किल्ली आपल्याकडे ठेवणारी कोठारे पुष्कळदा अधिक महाग पडतात. त्यास काही रास्त कारणे आहेत. एकच पाठ्यपुस्तक हजार विद्यार्थ्यांनी ठेवले, तर साध्या कोठारात ते एकदाच साठवून हजारांच्या नावे मांडता येते. बंद ट्रंकांत काय आहे हे दिसतच नाही, म्हणून हजारही ट्रंका ठेवाव्या लागतात. पुन्हा या कंपन्यांना दुसरा मोठा धंदा नसतो. भाडे हेच उत्पन्न. पण काही रीती आम्हांस खटकतात. एखादी कंपनी जागेचे भाडे निराळे घेते आणि तिसऱ्या कुलपाचे निराळे. म्हणजे चाळीत खोली भाड्याने द्यायची आणि दाराची कडी हवी असेल तर जादा पैसे! दर डॉलरांत वा युरोत, कार्ड परदेशी व्यवहाराचे हवे, वर १८ टक्के कर. आणि 'एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा' अशी योजना असेल तर आधी विचारावे: आयुष्य कोणाचे, आमचे की कंपनीचे? वुआला नावाचे स्वित्झर्लंडचे उत्तम कुलूपबंद कोठार २०१५ मध्ये मिटले. गुप्तता ही अशा रीतीने ऐपतदारांची चैन होत चालली, याची आम्हांस खरी चिंता आहे. ज्या हमालाला तिची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाती फुकटचे, उघडे कोठार.

मग आम्ही काय केले? ४३ जणांच्या यादीचा धडा घेऊन आम्ही वर्गणी काढली आणि तिसऱ्या कुलपाचे कोठार घेतले. त्या कंपनीने एक लांबलचक सुटकेची किल्ली दिली आणि बजावले की ही हरवली तर आम्हीही उघडू शकणार नाही. खजिनदारांनी ती सुवाच्य अक्षरात एका डायरीत लिहिली. डायरी कचेरीच्या टेबलात, संगणक त्याच टेबलावर. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा आली. डायरी गेली, संगणक गेला. पासवर्ड आठवून आठवून आम्ही दमलो. कंपनीने नम्रपणे खरे तेच कळविले: आमच्याकडे किल्ली नाही. अकरा हमालांच्या हजेरीचे जे उतारे २०१९ च्या चिखलातून सोडवून, वाळवून, फोटो काढून ठेवले होते, ते आजही कुठल्यातरी देशात सुरक्षित आहेत. इतके सुरक्षित की ते आता कोणीच वाचू शकणार नाही. पाण्यापासून पळालो आणि किल्ली पाण्यातच ठेवली. त्या अकरांपैकी सातांचे दावे आम्ही साक्षीदारांच्या जोरावर कसेबसे उभे केले. चौघांचे राहिले. ही चूक आम्ही येथे उघडपणे सांगतो, कारण किल्ली आपली म्हटली की तिच्या हरवण्याचे पापही आपलेच.

या अनुभवातून काही नियम आम्ही बांधले आहेत. पहिला, सारा माल एका भावाचा नसतो. सभेचे फोटो, हस्तपत्रके उघड्या कोठारात खुशाल ठेवावीत; नावांच्या याद्या, आजारपणाचे कागद, साक्षी या ट्रंकेतच. दुसरा, महाग कोठार परवडत नसेल तर ट्रंक घरी भरावी. क्रिप्टोमेटरसारखे साधन संगणकावर फुकट मिळते. त्याने मजकूर घरीच कूटबद्ध करून मग कोणत्याही स्वस्त कोठारात ठेवता येतो. तिसरा, एक प्रत नेहमी आपल्या हातात, वेगळ्या तबकडीवर, आणि नदीपासून दूर. आम्ही सांगलीची प्रत साताऱ्यास ठेवतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कृष्णेचे पाणी चढत नाही. साताऱ्याची प्रत सांगलीस येते, पण ती आता वरच्या मजल्यावर. चौथा, किल्ली कागदावर लिहून, मोहोरबंद पाकिटात, तीन गावच्या तीन माणसांकडे. वर्षातून एकदा ती लावून पाहावयाची, जसा जत्रेआधी रथाचा दोर ओढून पाहतात.

शेवटी एक विचार. या जिल्ह्यांनी ऊस एकट्याने गाळला नाही. सहकारी कारखाने काढले. गरिबाच्या मुलांना शिकवायला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. मग आपल्या कागदांच्या कोठारासाठीच आपण साता समुद्रापलीकडच्या दयेवर का राहावे? नेक्स्टक्लाउडसारखी मुक्त साधने आज कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. एखादे वाचनालय, एखादे महाविद्यालय, चार पतसंस्था आणि दोन युनियन एकत्र आल्या, तर यंत्र एक साताऱ्यात, एक सांगलीत, आणि दर ठरवायला सभासदांची सभा, हे अशक्य नाही. त्यास निगा राखणारी जाणती मुले लागतील, वीज लागेल, दरवर्षी खर्च लागेल. हे फुकट होईल असे आम्ही म्हणत नाही. पण भाडे का वाढले हे ज्याला विचारायचे, तो माणूस त्याच सभेत समोर बसलेला असेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आज घरी गेल्यावर एवढे करा: आपले कागद ज्या कोठारात आहेत, त्याची किल्ली कोणाकडे आहे ते शोधा. ती दुसऱ्याकडे असेल तर तीत काय ठेवायचे याचा विचार करा. ती आपल्याकडे असेल, तर डायरी टेबलातून काढून जरा उंचावर ठेवा. पावसाळा जवळ आला आहे.